मोठ्या अक्षरांचं पवित्र शास्त्र, चौदा महिने वापरल्यानंतर

दुकानात पुस्तक हातात आलं की लोक पान उघडून वाचतात. मी आधी त्याची पाठ बघतो. पुस्तक उभं धरायचं, वरून पाठीत डोकावायचं, फर्मे (मोठा कागद दुमडून केलेले पानांचे गठ्ठे) सुटे दिसतात का, दोरा दिसतो का, की नुसताच गोंद थापलाय. मग पहिल्या पानांपाशी उघडून टेबलावर ठेवायचं आणि हात काढून घ्यायचा. आपलं आपण मिटलं तर पुस्तक दुकानदाराला परत. सत्तावीस वर्षं छापखाना चालवला, ही खोड आता जायची नाही.

गेल्या वर्षी नगरमधल्या (कागदोपत्री अहिल्यानगर, तोंडात नगरच) ख्रिस्ती साहित्याच्या एका छोट्या दुकानात मी मोठ्या अक्षरांच्या मराठी शास्त्राचं, म्हणजे बायबलचं, हेच करत होतो. काउंटरवरचा पोरगा घाबरला. "काका, शास्त्र आहे ते. वहीसारखं काय वाकवताय?" त्याला म्हटलं, "बाळा, शास्त्र आहे म्हणूनच वाकवतोय. हे रोज उघडायचंय." किंमत ८५०, दहा टक्के सूट जाऊन ७६५ रुपये. नोकरीच्या दुसऱ्या पगारातून घेतलं. नोकरी म्हणजे दुसऱ्याच्या छापखान्यातली. ते पुढे येईलच.

चौदा महिने रोज वापरून मग हे लिहितोय. आठ दिवसांत लिहिलेल्या अभिप्रायांवर माझा विश्वास नाही. बांधणी कशी आहे ते कळायला पुस्तकावरून एक पावसाळा जावा लागतो.

आधी अक्षर. माझं जुनं शास्त्र लग्नात मिळालेलं. त्याचं अक्षर इतकं बारीक की पंचेचाळिशीनंतर मी ते वाचत नव्हतो, पाठ असलेलं आठवत होतो. देवनागरीचं एक दुखणं आहे. आपल्या अक्षराला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार. टाइप बारीक केला की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत जाऊन अडकतो, आणि शाई जरा जास्त सुटली की घ आणि ध सारखेच दिसायला लागतात. या प्रतीत अक्षर माझ्या अंदाजाने बारा पॉइंटच्या आसपास आहे आणि दोन ओळींत जागाही बरी सोडलीय. रात्री साडेदहाला एका ट्यूबलाइटखाली चष्मा पुढे-मागे न करता वाचता येतं. वजन मात्र आहे. हिने स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं तर १ किलो ४१० ग्रॅम भरलं. "अंथरुणात पडून वाचू नका, नाकावर पडेल," म्हणाली. एकदा पडलं.

कागद पातळ आहे, तो असावाच लागतो. सहासष्ट पुस्तकं एका पुठ्ठ्यात बसवायची म्हणजे झेरॉक्सच्या सत्तर-पंचाहत्तर जीएसएमच्या कागदावर भागत नाही, तीस-चाळीसचा घ्यावा लागतो. मागचा मजकूर पुढे दिसू नये म्हणून कागद बनवतानाच लगद्यात टायटॅनियम डायऑक्साइडसारखी पांढरी पूड घालतात. तरी थोडं दिसतंच. मग चांगला छापणारा काय करतो, पुढच्या पानाची ओळ आणि मागच्या पानाची ओळ बरोबर एकमेकींच्या पाठीवर आणतो, म्हणजे ओळींमधली पट्टी स्वच्छ राहते. मी पानं बल्बसमोर धरून पाहिली. गद्यात ओळी बसल्यात, स्तोत्रांत थोड्या सरकल्यात. चालायचंच. खुणा करायच्या तर पेन्सिलीने करा. बॉलपेन मागे उमटतं आणि हायलायटरने तर पान लाटा घेतं.

बांधणी जुजबंदी आहे, दोऱ्याने शिवलेली. टेबलावर उत्पत्तीचा पहिला अध्याय उघडून हात काढला तरी मिटत नाही. नव्या पुस्तकाची पहिली पानं उघडी राहणं ही खरी परीक्षा, मध्यभागी तर कुणीही उघडं राहतं. पैकीच्या पैकी.

एक फर्मा फिका आहे. सोळा पानं, शाई कमी. मशीनवाला नेमका तेव्हा चहाला गेला असणार, मला तो माणूस डोळ्यांसमोर दिसतो. पण तो फर्मा लेवीयमध्ये, म्हणजे फारसं कुणी न वाचणाऱ्या नियमांच्या पुस्तकात आलाय, त्यामुळे बहुतेकांच्या हे कधीच लक्षात येणार नाही.

भाषांतर जुन्या वळणाचं आहे. नव्या सोप्या भाषांतरांबद्दल माझी तक्रार नाही, माझी मुलगी फोनवर तेच वाचते. पण मला कानाला लागलेलं हवं होतं. संडेस्कूलमध्ये पाठ केलेलं वचन नव्या शब्दांत वाचलं की आपल्या घराचा दरवाजा कुणीतरी दुसऱ्या भिंतीत नेऊन बसवल्यासारखं वाटतं.

आता मजकुराचं. शास्त्राच्या मजकुराचं परीक्षण करणारा मी कोण, पण ते मी कोणत्या अवस्थेत वाचलं हे सांगितल्याशिवाय हा अभिप्राय अर्धा राहील.

जानेवारी २०१९ मध्ये मी जुनं दोन रंगांचं ऑफसेट मशीन घेतलं. अठरा लाखांचं कर्ज. घरातले नको म्हणत होते, मी ऐकलं नाही. डोक्यात चार रंग होते, कॅलेंडरं होती, पुण्याच्या पार्ट्या होत्या. मार्च २०२० मध्ये माझ्या कटिंग मशीनशेजारी अठ्ठावीस लग्नांच्या पत्रिका बांधून तयार होत्या. त्यातल्या तीन उचलल्या गेल्या. बाकीच्या मी पुढे रद्दीत घातल्या. रद्दीवाला म्हणाला, चमकीचा कागद आहे, भाव कमी लागेल. पुढे लग्नं सुरू झाली ती पन्नास माणसांची. पन्नास माणसांना पत्रिका कोण छापतं? फोनवर चित्र पाठवलं की झालं. ती सवय मग गेलीच नाही. एका शिक्षणसंस्थेकडे सहा लाख चाळीस हजार अडकले होते, ते अजून 'पुढच्या महिन्यात' आहेत. नोव्हेंबर २०२१ मध्ये क्रेन लावून मशीन उचललं. फरशीवर तेलाचा काळा चौकोन राहिला. आमचे बाइंडर मामा बावीस वर्षं माझ्याकडे होते. त्यांनी त्या चौकोनाकडे बघत विचारलं, "भाऊ, दाभण घेऊन जाऊ का?" मी म्हटलं, घेऊन जा.

पैशापेक्षा वाईट वेगळंच होतं. मी आमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, खजिनदार होतो. मंडळीच्या पैशाला हात लावला नाही, पण मंडळीतल्या दोघांकडून मी हातउसने घेतले होते आणि ते वेळेवर फिटले नाहीत. बाकावर त्यांच्या पुढे बसून 'आमचे ऋण आम्हांस सोड' म्हणायचं, म्हणजे तोंडातून शब्द फुटेना. आठ महिने मी उपासनेला गेलो नाही. रविवारी सकाळी घंटा वाजली की मी मुद्दाम मोटरसायकल धुवायला काढायचो. आमच्या गल्लीत इतकी स्वच्छ मोटरसायकल कुणाची नव्हती.

मला चर्चपासून दूर ठेवणारी आणखी एक गोष्ट होती, ती कुणाला आवडणार नाही तरी लिहितो. आमच्यात साक्ष द्यायची पद्धत आहे. माणूस पुढे येतो, प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते सांगतो. चांगली पद्धत आहे. पण तुम्ही लक्ष देऊन ऐका, जवळजवळ प्रत्येक साक्ष 'आणि मग' वर वळते. कर्ज होतं, आणि मग फिटलं. आजार होता, आणि मग रिपोर्ट नॉर्मल आले. पोरगा दोनदा नापास झाला, आणि मग कॅनडाला गेला. ज्याचं 'आणि मग' अजून आलेलं नाही त्याला मंचावर जागा नाही. तो मागच्या बाकावर बसतो आणि समजतो की आपल्याच विश्वासात कुठेतरी फर्मा चुकीचा दुमडला गेलाय. मीही तसंच समजत होतो.

पाळकसाहेब घरी येऊन गेले. भला माणूस. त्यांनी शास्त्रातला हबक्कूक संदेष्टा वाचला, अंजिराला फूल नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी आनंद करीन. मला राग आला. म्हटलं, हबक्कूकावर बँकेची नोटीस नव्हती. ते हसले, चहा प्याले आणि गेले. त्या दिवशी त्यांनी मला समजावायचा प्रयत्न केला नाही याबद्दल मी त्यांचा आजही आभारी आहे.

माझी आई त्या वेळी एक्याऐंशी वर्षांची होती. दुपारी तीनला मी न जेवता पलंगावर पडलेला. तिने ताट आणून शेजारी ठेवलं. "आधी जेव. मग भांड देवाशी." मी जेवलो आणि झोपलो. संध्याकाळी उठलो तर तिने पुन्हा भाकरी टाकलेली.

हे मला पुढे एलीया संदेष्ट्याच्या गोष्टीत सापडलं, या नव्या शास्त्रात, १ राजे १९ मध्ये. तसं लहानपणापासून ऐकलेलं, पण आम्हाला नेहमी शिकवला गेला तो अठरावा अध्याय: कर्मेल डोंगर, आकाशातून अग्नी, विजय. एकोणिसाव्यात तोच माणूस राणीच्या एका निरोपाने घाबरून रानात पळतो, रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, पुरे आता, माझा जीव घे. आणि देवदूत काय करतो? उपदेश नाही, 'तुझा विश्वास कुठे गेला' नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. उठ, खा. तो खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा येतो, पुन्हा खायला घालतो, कारण पुढची वाट लांब आहे. मग कुठे चाळीस दिवसांनी होरेब डोंगरावर देव त्याच्याशी बोलायला लागतो, आणि तिथेही त्याचा पहिला शब्द प्रश्नाचा आहे: तू इथे काय करतोस? छप्पन्न वर्षांचा होईपर्यंत मला हे दिसलं नव्हतं की हरलेल्या माणसाला देवाने आधी जेवू घातलं आणि झोपू दिलं. बोलणं नंतर.

तिथून मी शास्त्र वेगळं वाचायला लागलो. यशाच्या गोष्टी सोडून द्यायच्या आणि फसलेल्या लोकांच्या शोधायच्या. शोधाव्या लागल्या नाहीत. पुस्तकभर तेच लोक आहेत. प्रेषित पौल आपल्या शिष्याला, तीमथ्याला, तुरुंगातून शेवटचं पत्र लिहितो, त्यात सांगतो की देमास सोडून गेला, जवळ फक्त लूक उरलाय, आणि लगेच पुढे: येताना त्रोवसात राहिलेला माझा झगा आण, आणि पुस्तकं, विशेषतः चर्मपत्रं. थंडी येतेय, झगा हवाय. असल्या घरगुती ओळी छापताना कोणी काटल्या नाहीत याचं मला फार बरं वाटतं. संपादकाच्या हाती गेलं असतं तर पहिला झगाच उडाला असता.

पण माझं पान म्हणजे यिर्मया ३६. छापखान्यातल्या माणसाने तरी ते वाचावंच. यिर्मया संदेष्टा सांगतो आणि बारूख नावाचा लेखनिक गुंडाळीवर लिहून घेतो. अधिकारी त्याला विचारतात, हे तू कसं लिहिलंस? तो साधं उत्तर देतो: तो सांगत गेला, मी शाईने लिहीत गेलो. शाईने! आमच्या जातीचा माणूस. ती गुंडाळी राजा यहोयाकीमापुढे वाचली जाते. हिवाळा, राजा शेगडीजवळ बसलाय. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा चाकूने तेवढा तुकडा कापतो आणि शेगडीत टाकतो. पुन्हा तीन-चार रकाने, पुन्हा तुकडा. सगळी गुंडाळी संपेपर्यंत. दोन-तीन अधिकारी जाळू नका म्हणून विनवतात, तो ऐकत नाही.

कित्येक महिन्यांचं काम, एकच प्रत, आणि ती डोळ्यांदेखत शेगडीत. पुढे काय होतं? यिर्मयाला सांगणं येतं, दुसरी गुंडाळी घे. बारूख पुन्हा बसतो, पुन्हा शाईने सगळं लिहितो, आणि शेवटचं वाक्य असं आहे की त्यात तशाच आणखी पुष्कळ वचनांची भर पडली. सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती! मी रात्री एकटाच हसलो.

हसू नऊ अध्याय टिकलं. यिर्मया ४५ हा जेमतेम पाच वचनांचा अध्याय आहे आणि तो सबंध त्या बारूखाला उद्देशून आहे. पहिली गुंडाळी लिहिली त्याच वर्षीचा. बारूख कण्हतोय, दुःखात भर पडतेय, विसावा नाही म्हणतोय. देव त्याला विचारतो: तू स्वतःसाठी मोठमोठ्या गोष्टी शोधतोस काय? शोधू नको. एवढंच देतो की जाशील तिथे तुझा जीव तुला लूट म्हणून मिळेल. बस. राजवाड्यात नोकरी नाही, नाव नाही, नुसता जीव. ते वाचून मी शास्त्र मिटलं आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. कारण माझं दोन रंगांचं मशीन त्या एका प्रश्नात होतं. लॉकडाऊनने मला बुडवलं हे खरं आहे. पण लॉकडाऊन यायच्या चौदा महिने आधी मी अठरा लाखांची सही केली होती, आणि ती गरजेपोटी केली नव्हती. हे तोवर मी कुणाजवळ कबूल केलं नव्हतं, हिच्याजवळही नाही. त्या रात्री केलं. ती म्हणाली, "मला माहीतच होतं. झोपा आता."

बळ मिळालं म्हणतात ते मला कसं मिळालं हे विचाराल तर असं. धीराच्या शब्दांनी मिळालं नाही, उलट एक खरं बोलायचं होतं ते बोलून टाकल्यावर मिळालं. दुसऱ्या रविवारी मी उपासनेला गेलो आणि ज्या दोघांचे पैसे होते त्यांच्याजवळ स्वतःहून जाऊन उभा राहिलो. एक जण म्हणाले, जमेल तसे द्या. दुसरे तसं म्हणाले नाहीत, त्यांनी महिन्याचा आकडा ठरवून घेतला. चार हजार. दोघांचंही बरोबर होतं. ते हप्ते अजून चालू आहेत.

गुंडाळीच्या आगीवरून एक छापखान्याची आग आठवली. विल्यम कॅरी, मूळचा इंग्लंडातला चांभार, बंगालमध्ये श्रीरामपूरला बसून पुस्तकं छापत होता. मराठीचं त्याचं व्याकरण १८०५ चं, मराठी नवा करार तिथून १८११ साली निघाला. फोर्ट विल्यम कॉलेजात तो मराठी शिकवायचासुद्धा. आणि ११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी त्याचा छापखाना जळाला. कागद गेला, कित्येक भाषांचे खिळे (छपाईची शिशाची अक्षरं) गेले, वर्षानुवर्षांची हस्तलिखितं गेली. कॅरी त्या वेळी कलकत्त्यात होता. सोबती मार्शमनने दुसऱ्या दिवशी जाऊन त्याला सांगितलं. राखेत खिळ्यांचं शिसं वितळून पडलं होतं, पण ज्यांवरून खिळे पाडतात ते पंच आणि साचे वाचले होते. तेच शिसं गोळा करून पुन्हा खिळे ओतायला घेतले आणि थोड्याच काळात छपाई सुरू झाली. हस्तलिखितं मात्र कशी वितळवणार? ती पुन्हा लिहायलाच बसावं लागलं. मी नोकरीतला नवीन, वीस वर्षांनी लहान सुपरवायझरच्या हाताखाली शीट मोजायला उभा राहिलो तेव्हा हे शिसं माझ्या डोक्यात असायचं. खिळे गेले, पंच राहिलेत. शाई बोटाला लावून चिकटपणा ओळखता येतो, मशीनचा आवाज बदलला की कुठला रोलर कोरडा पडलाय ते कळतं, हे बँकेने जप्त केलेलं नाही.

आणि पंडिता रमाबाई. आमच्याकडे त्यांचं नाव घेतल्याशिवाय मराठी शास्त्रावर बोलताच येत नाही. आई-वडील आणि बहीण दुष्काळाच्या वर्षांत उपासमारीने गेले, मग भाऊ, लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत नवरा. १८८३ साली त्यांनी इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, त्याबद्दल पुण्याने त्यांना काय काय म्हटलं ते सर्वांना ठाऊक आहे. केडगावला (नगरचं नव्हे, दौंड तालुक्यातलं) मुक्ती मिशनमध्ये बसून त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून अख्ख्या शास्त्राचं साध्या मराठीत भाषांतर केलं, आणि तिथल्याच छापखान्यात तिथल्याच बायका-मुलींनी ते जुळवलं, छापलं. १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली. बाईंनी काम सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या स्वतः गेल्या, आणि शास्त्र १९२४ साली निघालं. स्वतःच्या हातात बांधलेली प्रत त्यांना मिळाली नाही. कुणी साक्षीत हे का सांगत नाही? कारण यात 'आणि मग' नाही. यात नुसतं काम आहे, दुसऱ्याच्या उपयोगी पडलेलं.

येशूचा शिष्य पेत्र, त्याच्याबद्दल सगळेच बोलतात म्हणून थोडक्यात. त्याने प्रभूला नाकारलं ते कोळशाच्या विस्तवाशी शेकत उभा असताना, योहान १८. आणि प्रभूने त्याला पुन्हा जवळ केलं तेही किनाऱ्यावर कोळशाच्याच विस्तवाशी, योहान २१, वर मासे आणि भाकर. रात्रभर जाळं टाकून हाती काही लागलेलं नव्हतं. तिथेही आधी 'या, न्याहारी करा' आणि मग प्रश्न. माझी आई पाचवीपर्यंत शिकलेली, पण तिची आणि या पुस्तकाची रीत एकच निघाली.

परत वस्तूकडे. चेनचं कव्हर सोबत घेऊ नका. मी बाहेर एका स्टॉलवर २२० रुपयांना वेगळं घेतलं, पाचव्या महिन्यात चेन दात सोडून बसली. त्यापेक्षा सुती पिशवी शिवून घ्या. मागचे नकाशे चार आहेत, रंगीत. पौलाच्या प्रवासाचा नकाशा बरा आहे, पण तीन प्रवासांच्या तीन रेषांपैकी दोघींचा रंग इतका जवळचा की तो कुठल्या फेरीत कुठे गेला ते भिंग घेऊन बघावं लागतं. सोनेरी कडा पहिल्या चार महिन्यांत बोटाला लागतात, नंतर थांबतात. अंगठ्याच्या खाचा पाडलेली प्रतही मिळते, शंभर-दीडशे जास्त पडतात. वयस्कर माणसासाठी घेत असाल तर तीच घ्या.

टिकेल का? याचं उत्तर मी आता जरा अधिकाराने देऊ शकतो. गेल्या पावसाळ्यापासून शनिवारी संध्याकाळी मी घरी जुनी शास्त्रं बांधून देतो. मामांना फोन केला, ते दाभण घेऊन आले. खळ तेच शिजवतात, मला जमत नाही, गुठळ्या होतात. आतापर्यंत सदतीस प्रती झाल्या. एकीचे अडीचशे रुपये घेतो, निम्मे मामांचे. धंदा म्हणता येणार नाही, पण एक गोष्ट या सदतीस प्रतींनी दाखवली: शास्त्र पुढून किंवा मागून फाटत नाही, ते मधोमध फाटतं. स्तोत्रसंहितेचे फर्मे सगळ्यात आधी सुटतात, आणि त्यांतही दुःखाची स्तोत्रं आहेत तिथे पानांच्या कडा काळ्या पडलेल्या असतात. स्तुतीच्या स्तोत्रांची पानं त्या मानाने गोरी. एका आजीबाईंच्या प्रतीत विलापगीताच्या तिसऱ्या अध्यायावर हळदीचं बोट उमटलेलं होतं, म्हणजे स्वयंपाक मध्येच सोडून उघडलं असणार. मामांनी विचारलं, पुसायचं का. मी म्हटलं, राहू द्या.

तर नव्या प्रतीचा दोरा मी स्तोत्रांपाशीच वाकवून पाहिला. दुहेरी नाही, पण ताण चांगला आहे. रोजच्या वापरात दहा-बारा वर्षं जाईल. नंतर माझ्याकडे आणा.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण फितीचा. वाचनखुणेची फीत एकच दिलीय, सहासष्ट पुस्तकांना एक, हा कंजूषपणा आहे. रोजचं वाचन एकीकडे चालू असतं आणि मन दुसरीकडे अडकलेलं असतं, निदान दोन तरी हव्यात. मी हिच्या शिवणाच्या डब्यातली हिरवी फीत पाठीच्या अस्तरात सरकवून खळीने चिकटवली. लाल फीत सध्या लूकात फिरतेय. हिरवी लावल्यापासून हललेली नाही, ती यिर्मया ४५ वर आहे.